तोफीकनं न प्यालेला चहा

सुलेमानिया शहराच्या बाजारात तोफीकच्या दुकानातनं लोक कलाश घेऊन जात, पण त्याच्या ओट्यावर चहाला कुणी टेकत नसे. कलाश म्हणजे आमच्या डोंगराकडचं पायताण. खाली चिंध्या ठोकून ठोकून केलेला तळ, वर पांढऱ्या सुताचं विणकाम. त्याला डावा-उजवा नसतो. कुठल्याही पायात कुठलाही चढवावा.

"तोफीक बी तसलाच," लोक म्हणायचे. "ह्या पायात बी बसतो, त्या पायात बी."

म्हणायचं आणि इकडंतिकडं बघायचं, कारण असल्या माणसाबद्दल मोठ्यानं बोलणं बरं नव्हे. आणि संध्याकाळी तीच माणसं तिकीट काढून त्याचंच नाटक बघायला जायची. वाईट माणूस करावा तर तोफीकनंच. त्याला कुठं सोंग करावं लागतंय, असा सगळ्यांचा हिशेब.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो पेरशंगच्या घरात, चहाच्या एका भरल्या पेल्यावरनं.

तोफीक हौरामानच्या डोंगरातला. बाप कलाश करणारा, त्याचा बाप कलाश करणारा. शहरात आला तेव्हा बोलायला लागला की लोक हसायचे, एवढी त्याची बोली जाड. पण वसंताच्या सणाला आमच्याकडं खोटा अमीर बसवायची रीत होती. एखाद्या गड्याला फेटा बांधून उंच बसवायचं, तो देईल तो हुकूम मानायचा. अट एकच. अमीर हसला की गादी गेली. म्हणून मग सगळा मोहल्ला त्याला हसवायच्या मागं लागायचा. त्या वर्षी कुणीतरी तोफीकला बसवला. लोकांनी गाढवाला काझीचा फेटा बांधून त्याच्यासमोर आणलं, लठ्ठ न्हाव्याला बाईचा झगा घालून नाचवलं. बघणाऱ्यांची पोटं दुखली. तोफीकनं गाढवाकडं निवांत बघितलं आणि म्हणाला, "काझीसाहेबांना गवत द्या. सकाळपासनं न्याय करून दमल्यात."

ओठ हलला नाही.

गर्दीत सालार होता. सालार शाळेत मास्तर आणि नाटकमंडळीचा म्होरक्या. त्यानं तिथंच तोफीकचा हात धरला. घरी येऊन बहिणीला, पेरशंगला, म्हणाला, "माणूस घावला गं! दगडासारखं तोंड, आणि आत सगळं भरलेलं."

पेरशंग कणीक मळत होती. ती म्हणाली, "न हसणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं ते देवाला बी ठावं नसतं."

"तुझ्या पोटात काय असतं ते तरी कुणाला ठावं हाय?" सालार म्हणाला.

पोरगी लहानपणापासनं अशीच. दूधवाला ओळखीचा, तरी दुधात बोट घालून बघणारी.

तोफीक दिवसा कलाश शिवायचा आणि दुपार कलली की तालमीला यायचा. पहिल्यांदा मुका नोकर झाला, मग मुल्ला, मग एका नाटकात म्हातारी आई. त्या आईला बघून बायका रडल्या. सालारच्या घरी त्याचं जाणं-येणं पडलं. दारातच उभा राहायचा, काम सांगायचा, निघायचा. आत ये म्हटलं तरी जोडे काढायचा नाही. पेरशंगनं हेही मनात धरलं. ज्या माणसाला आपल्या घरात पाय ठेवायचा नाही, त्याला आपलं मीठ नको आहे. आणि मीठ कुणाला नको असतं? ज्याला पुढं घात करायचा असतो त्याला. ज्याचं खाल्लं त्याच्या मुळावर यायचं नाही, हे आमच्याकडं चोरसुद्धा पाळतो.

ते दिवसच तसले होते. सरकारची माणसं साध्या कपड्यात फिरायची. चहाच्या दुकानात बाक हलला तरी माणसं बोलायची थांबत. सालारच्या नव्या नाटकात एक राजा होता आणि त्या राजाच्या मिशा कुणासारख्या होत्या ते सगळ्यांना कळत होतं. म्हणून मंडळीनं तालमीची जागा बदलली. कुठं, ते मंडळीला ठाऊक आणि सालारच्या घराला.

अक्रोड उतरायचा हंगाम होता. एका दुपारी तोफीक आला, आणि त्या दिवशी मात्र जोडे काढून आत आला. धुतलेली सुरवार, नवा कमरपट्टा, केस पाणी लावून बसवलेले. सालारच्या आईसमोर गुडघे दुमडून बसला. पेरशंगनं चहा आणला. त्यानं पेल्याची बशी दोन बोटांनी हळूच पुढं सारली, यजमानाकडं, आणि हात मांडीवर ठेवले.

"चहा घे बाबा," आई म्हणाली.

"घेतो की, आई."

घेतला नाही. थंडी लवकर पडणार म्हणाला. अक्रोड यंदा बरा आहे म्हणाला. सालार मिशीत हसत होता आणि त्याची बायको, पेरशंगची भावजय, मांडीवरच्या श्नोला, तिच्या तान्ह्या पोरीला, थोपटत होती. तोफीकच्या कपाळाला घाम आला होता. मग तो उठला, उद्याच्या तालमीला जमणार नाही, गावाकडं जायचं आहे, असं सालारला म्हणाला आणि गेला. चहा तसाच. काठोकाठ, गार.

पेरशंग पेला उचलते आहे तोवर शेजारचा हाजी कादर आला. हाजीचं सुक्या मेव्याचं दुकान. माणूस गोड, रोज एकदा डोकावल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. आल्या आल्या त्यानं भरला पेला बघितला.

"कुणाचा गं?"

"तोफीकचा. न्हाई प्याला."

"न्हाई प्याला?" हाजी बसला. "आत येऊन, बसून, न्हाई प्याला?" त्यानं जीभ चावल्यासारखं केलं. "ध्यानात ठेव पोरी. मी काय म्हणत न्हाई. ध्यानात ठेव फकस्त."

तिनं त्याला चहा दिला. गालात साखरेचा खडा धरून त्यानं चांगले दोन-तीन पेले रिचवले, मग चमचा पेल्यावर आडवा ठेवला, म्हणजे पुरे. इकडचं तिकडचं बोलला, सालारची काळजी केली, तिनं जे सांगायचं ते सांगितलं, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तालमीतनं सालारला उचललं. त्याच्यासोबत जे होते त्यांनाही. सगळी मंडळी एका जाळ्यात गेली. एक तोफीक सोडून.

मग कुणाला काय विचारायचं राहिलं? रडायला आलेल्या बायकांना पेरशंगनं एकच सांगितलं, "आमचा चहा न्हाई प्याला त्यो." बायकांनी ते घरी नेलं, घरातनं ते हमामात गेलं, हमामातनं बाजारात. हाजी कादर दारात बसून मान हलवत होता. "मी बोललो न्हवतो? पोरीला इचारा."

चार-पाच दिवसांनी तोफीक आला. पेरशंगनं गच्चीवरनं बघितलं. एकटा नव्हता. सोबत दोन म्हातारे, डोक्याला कोरे फेटे, आणि एकाच्या खांद्यावर अक्रोडाची गोणी. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी त्यांना अडवलं, काहीतरी सांगितलं. तोफीकनं भिंतीला हात लावला. म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. कैवारी घेऊन आलाय, पेरशंग मनात म्हणाली. दोन दाढ्या साक्षीला आणल्या की आपण सुटलो, असं वाटलं व्हय रं तुला? तिनं गच्चीवरनं खाली थुंकलं. कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायला तिला भाऊ उरला नव्हता. तिघं आले तसे गोणी घेऊन परत गेले.

सालार परत आला नाही. त्याचा देह आला नाही, निरोप आला नाही.

तोफीकनं कधी तोंड उघडलं नाही. बाजारात त्याच्या अंगावर कुणी थुंकलं तर बाहीनं पुसायचा आणि टाके घालायला लागायचा. ह्यानं लोकांचा संशय आणखी पक्का झाला. खरा असता तर कुराण उचललं नसतं? आरडाओरडा केला नसता?

पुढं उठाव झाला, मोडला, आणि सगळं शहर पावसात सरहद्दीकडं चालत निघालं. चिखल गुडघ्याएवढा. पेरशंगची आई रस्त्याच्या कडेला बसली ती उठेना. भावजय तापानं फणफणलेली, पेरशंगच्या पाठीवर श्नो. तेवढ्यात गर्दीतनं तोफीक आला, काही न बोलता खाली बसला आणि म्हातारीला पाठुंगळी घेतलं. पेरशंगला नाही म्हणायला बळ नव्हतं. ती मागनं चालत राहिली, त्याच्या पायांवर नजर ठेवून. कुठं वळतो, कुणाला खूण करतो.

मुक्कामाला आई म्हणाली, "पेरशंग, मी दिवसभर त्येच्या पाठीवर व्हते. खोट्या माणसाची पाठ अशी नसती गं."

"पाठीला काय कळतंय आई? खोटं त्वांडात असतं. आन् त्वांड त्येनं शिवून ठेवलंय."

त्या थंडीत भावजय गेली. तिला वाटेतच माती दिली. खड्डा तोफीकनं खणला. पेरशंगनं ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, गुन्हेगाराला खणायची घाई असते.

परत आल्यावर नाटकं पुन्हा सुरू झाली, मग सिनेमावाले आले. गेलेल्या दिवसांचे सिनेमे काढायचे तर छळणारे अधिकारी लागत, खबरे लागत, विकले गेलेले गावपाटील लागत. ती कामं कुणी घेईना. उद्या बाजारात तोंड दाखवायचं असतं. तोफीकला काय, त्याचं तोंड आधीच काळं होतं. त्यानं सगळी केली. एका सिनेमात त्यानं चौकशी करणारा अधिकारी केला, ओरडत नाही, मारत नाही, कैद्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करतो आणि हळूच विचारतो, "पोरं किती तुला?" थेटरात माणसांचे श्वास थांबले. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, "हे बघितल्याशिवाय येत न्हाई. आत बसून बघितलंय त्येनं."

परदेशात त्या सिनेमाला बक्षीस मिळालं. तोफीकला तिकडं बोलावलं होतं. गेला नाही. दुकानात कलाश शिवत बसला.

पेरशंगनं त्याचं एकही काम सोडलं नाही. शेवटच्या रांगेत, ओढणीनं अर्धं तोंड झाकून बसायची. तिला कलेशी घेणं नव्हतं. कधीतरी सोंग सैल पडेल, फटीतनं खरा माणूस दिसेल, तेव्हा आपण तिथं असलं पाहिजे, एवढंच. लग्न केलं नाही. आलेल्या प्रत्येक मागणीत तिला काहीतरी काळंबेरं दिसलं. श्नोला वाढवलं, लोकांचे कपडे शिवले.

एकदा न राहवून ती त्याच्या दुकानात गेली.

"कलाश पाह्यजे."

त्यानं पावलाकडं बघितलं आणि न मापता एक जोड पुढं ठेवला. नेमका बसला. तिला त्याचाच राग आला.

"माझं माप तुला कसं ठावं?"

"पायताण करणाऱ्याला दिसतं."

"ह्यातला डावा कुठला, उजवा कुठला?"

"कलाशला नसतो. घालशील तसा."

"तुझ्यावानी?"

त्यानं सुई थांबवली. तिच्याकडं बघितलं. ती त्याच्या डोळ्यांत शोधत राहिली. काही नाही. खोटा अमीर बसला होता.

"माझ्यावानी," तो म्हणाला आणि परत टाका घातला.

आणि मग श्नो मोठी होऊन आत्यापुढं उभी राहिली. इस्पितळात काम करणारा रेबीन नावाचा मुलगा तिनं पसंत केला होता. मुलगा चांगला, घर चांगलं. पण मुलाची आई हनीफा ही तोफीकची सख्खी बहीण. मुलाला बाप नव्हता, म्हणून मागणी घालायला घरातला थोरला पुरुष येणार. म्हणजे तोफीक.

"सगळ्या शहरात तुला त्योच उंबरा घावला?" पेरशंग म्हणाली.

"आत्या, मी मामाशी लगीन करत न्हाई. भाच्याशी करतीय."

"रगत एकच."

"मग माझं बी रगत बघ. अब्बाचं हाय. न्हाई म्हणालीस तर मी जन्मभर तुझ्यासारखी शिवत बसंन, पर दुसरा करणार न्हाई."

हाजी कादर आता म्हातारा झाला होता, पण डोकावणं चालूच होतं. सालारच्या मागं त्या घराला त्यानं ईदेला मेवा धाडला होता, छप्पर गळलं तर माणूस धाडला होता. घरात पुरुष नाही, म्हणून होकार-नकाराचा शब्द त्यानंच बोलायचा असं ठरलेलं. त्यानं साफ सांगितलं, "त्या घरात पोर देऊ नगं. बापाचा जीव ज्येनं घेतला त्येच्या ताटात लेक वाढणार व्हय? येऊच देऊ नगं त्यास्नी."

पेरशंगनं येऊ दिलं. होकार द्यायला नव्हे. एवढी वर्षं मागच्या रांगेतनं बघितलं, आता समोर बसवून बघायचं. सगळ्यांदेखत विचारायचं आणि मोकळं व्हायचं. श्नोचं लग्न व्हायचं की मोडायचं ते त्याच्या तोंडाकडं बघून ठरेल.

ते आले. तोफीक, हनीफा, नात्यातली दोन माणसं. तोफीकच्या केसात आता काळा केस शोधावा लागत होता. श्नोनं चहा फिरवला. पाहुण्यांनी पेले समोर ठेवले आणि कुणी हात लावला नाही. मागणीला आलेला माणूस शब्द मिळेपर्यंत चहा पीत नाही, ही रीतच. पलीकडं हाजी कादर घरचा म्हणून बसला होता, तो गालात साखर धरून पीत होता.

तोफीकनं बशीला दोन बोटं लावली आणि हळूच पुढं सारली.

पेरशंगच्या डोळ्यांपुढं आग झाली. जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरली.

"असंच!" ती ओरडली. "हितंच बसला व्हता, अस्साच प्याला सारला व्हता! आमचा चहा न्हाई प्याला, आन् दुसऱ्या दिशी माझा भाऊ गेला! बोल, कशापायी न्हाई प्यालास?"

तोफीकनं मान खाली घातली. हाजी म्हणाला, "झालं. निघालं पोटातलं. आता उठा मंडळी."

हनीफा उठली नाही. ती आडव्या हाडाची, डोंगरी बाई. तिनं पेरशंगकडं असं बघितलं जसं खुळ्या माणसाकडं बघावं.

"मागणी घालाया आलेला माणूस चहा पेतो व्हय?"

"कुणाची मागणी?"

"हनीफा, गप," तोफीक म्हणाला.

"का गप? जलमभर तू गप बसलास, काय घावलं? कुणाची म्हंजे? ह्या घरात तवा दुसरी पोर कोण व्हती? आमच्या दरीत पोरगा आधी एकटा येतो. चहा ठिवतो, उठतो, जातो, मग थोरल्यांस्नी घिऊन येतो. शहरात तसं न्हाई, हे त्येला कोण सांगणार? ह्यो अर्धा येडा गावाकडं पळत आला. माझा बा आन् चुलता कोरं फेटं बांधून निघालं. नव्या अक्रोडांची गोण घिऊन. हितल्या गल्लीच्या त्वांडाशी त्यास्नी कुणीतरी सांगितलं काय झालंय ते. माझा बा मरेस्तवर म्हणत व्हता, गोण दारापातुर नेली आन् परत आणली."

"बहिणीची साक्ष!" हाजी म्हणाला. "नटाचं घर. त्यास्नी काय, रचत्याल तेवढं थोडं."

पेरशंगनं ऐकलं नाही. तिला गच्ची दिसत होती. दोन फेटे. खांद्यावरची गोणी. भिंतीला लावलेला हात. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. कुणीच रचू शकत नव्हतं.

"मग बोलला का न्हाईस?" तिनं विचारलं.

तोफीक बशीकडं बघत म्हणाला, "काय बोलायचं? बाजारात उभं राहून तुझं नाव घ्यायचं? तुझा भाऊ गेलेला, आन् मी सांगत फिरू, की ह्या पोरीसाठी चहा सोडला म्हणून?" मग म्हणाला, "आज पोराच्या कामाला आलोय. माझं राहू दे."

"त्यापेक्षा थुंकी बरी वाटली तुला?"

"थुंकी वाळते."

हाजीनं घसा खाकरला. "शब्द मी द्यायचा हाय. असल्या कहाण्या ऐकून पोर देत न्हाईत..."

"पोर दिली," पेरशंग म्हणाली. "चहा घ्या."

दाराआड श्नोनं ओढणी तोंडात कोंबली. पाहुण्यांनी पेले उचलले. हनीफानं ओढणीनं डोळे पुसले आणि नाक तिच्यातच शिंकरलं. तोफीकनं आपला पेला उचलला. पार गार झाला होता. साखरेचा खडा न घेता एका दमात प्यायला, औषध प्यावं तसा, आणि पेला खाली ठेवला. तोंडावर काही नाही. पण बशी त्यानं ह्या खेपेला पुढं सारली नाही, आपल्याकडं ओढून घेतली.

पेरशंग किटली घेऊन फिरायला लागली. डोक्यातलं एक ओझं उतरलं होतं आणि त्या रिकाम्या जागेत काहीतरी दुसरं शिरत होतं. हा नव्हे. बरं, हा नव्हे. मग कोण? मंडळीतला म्हणावा, तर मंडळीतले बाकीचे सगळेच गेले. जागा बदललेली. तंबाखूच्या जुन्या वखारीत तालीम चालते हे मंडळी सोडून फक्त ह्या घराला माहीत. आई बाहेर पडत नव्हती. भावजय बाळंतीण.

आणि आपण. आपण तर कुणाला...

"झालं ते बरंच झालं," हाजी कादर म्हणाला. हसून त्यानं पेला पुढं केला. "ओत गं पोरी, आणखी एक ओत."

किटली तिच्या हातात तशीच राहिली.

"हाजी," ती म्हणाली, "त्या दिशी तुम्ही हितंच बसला व्हता. चहा पीत. तालमी कुठं हलवल्या म्हणून तुम्ही मला इचारलं व्हतं."

"कवाचं काय काढतीस गं?"

"मी सांगितलं व्हतं. तंबाखूच्या वखारीत, म्हणून. कशापायी इचारलं व्हतं, हाजी?"

हाजी हसला. हनीफाकडं बघून हसला, पाहुण्यांकडं बघून हसला. पाहुण्यांतलं कुणी हसलं नाही, आणि तोफीकनं पहिल्यांदाच मान वर करून सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. पेरशंगही बघत होती. सोंग सैल पडायची वाट बघायची तिला सवय होती. फक्त इतकी वर्षं ती चुकीच्या थेटरात बसली होती.

हाजीनं पेला मागं घेतला, खाली ठेवला आणि त्याच्यावर चमचा आडवा ठेवला.